गोळी 'आपोआप' सुटते का?

हिंगोलीहून वाशीमकडे जाताना कनेरगाव नाका लागतो. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ असल्यामुळे या भागातील लोकांना गणवेशातील जवान आणि त्यांच्या रायफली नवीन नाहीत. एका शिक्षकमित्राबरोबर नाक्यावर चहा घेत होतो. जवानांची एक गाडी खड्ड्यांतून हेलकावे खात पुढे गेली. मित्राने विचारले, "सर, एवढ्या हादऱ्यांनी एखादी रायफल उडत कशी नाही? पेपरात तर वाचतो की धक्का लागला आणि गोळी सुटली."

प्रश्न चांगला आहे. त्याला नेहमी दोन ठोकळेबाज उत्तरे मिळतात. वर्तमानपत्रे म्हणतात, "धक्क्याने गोळी आपोआप सुटली." काही जाणकार म्हणतात, "चाप ओढल्याशिवाय गोळी सुटणे शक्यच नाही." माझ्या मते विज्ञानाच्या तासाला ही दोन्ही उत्तरे नापास व्हावीत. धक्क्याची किती ऊर्जा, कोणत्या भागापर्यंत पोहोचली, हे दोघांनीही विचारलेले नाही.

अलीकडचे उदाहरण घेऊ. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या मुंबईतील जुहू येथील घरी, त्यांच्याच परवाना असलेल्या रिव्हॉल्व्हरची गोळी त्यांच्या पायाला लागली. कपाटात ठेवताना रिव्हॉल्व्हर हातातून निसटून खाली पडले आणि गोळी सुटली, असे सांगण्यात आले. शस्त्रक्रिया होऊन ४ ऑक्टोबरला ते घरी परतले. बातम्यांत सर्रास शब्द आला तो 'मिसफायर'. शस्त्रांच्या परिभाषेत मिसफायरचा अर्थ बरोबर उलटा आहे: चाप ओढला, आघात झाला, पण काडतूस पेटलेच नाही. वाचकाला मात्र या शब्दातून एवढेच कळते की शस्त्रात काहीतरी बिघडले. नेमके काय, हा प्रश्न तेथेच बुजतो.

तो उकरून काढण्यासाठी रचना थोडक्यात पाहू. काडतुसाच्या बुडाशी दिवाळीच्या टिकलीसारखी, आघाताने पेटणारी एक टिकली बसवलेली असते. तिच्यावर एक टोकदार पिन आदळते. पिनेला फटका देतो तो घोडा. घोड्यामागे दाबलेली स्प्रिंग असते आणि त्याला एक खटका अडवून धरतो. चाप ओढला की खटका सरकतो आणि घोडा सुटतो. टिकली पेटायला फार ऊर्जा लागत नाही. एका ज्यूलचे काही दशांश पुरतात. मात्र ती पिनेच्या बारीक टोकातून, क्षणार्धात मिळावी लागते. तेव्हा चापावर बोट नसताना गोळी सुटण्याचे मुख्य मार्ग दोन: खटका निसटणे, किंवा खटक्याला वगळून पिनच टिकलीवर आदळणे.

आता गाडीचे हादरे. समजा चापाचे वस्तुमान २० ग्रॅम आहे आणि खड्ड्यात गाडी आदळताना त्वरण गुरुत्वत्वरणाच्या तिप्पट, म्हणजे सुमारे ३० मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. चापावरील बल झाले ०.०२ × ३० = ०.६ न्यूटन. चाप ओढायला सुमारे ३० न्यूटन बल लागते असे धरले, तर हे बल त्याच्या पन्नासाव्या भागाइतके आहे. असे हजार हादरे बसले तरी त्यांची बेरीज होत नाही. दर हादऱ्यानंतर स्प्रिंग चापाला जागेवर आणते. हादऱ्यांचा धोका वेगळ्या वाटेने येतो. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी स्क्रू सैल होतात, वापराने खटक्याची धार झिजते, आणि मग थोडे बलही पुरते.

पडण्याचे गणित मात्र निराळे आहे. शस्त्र १ मीटर उंचीवरून फरशीवर पडले आणि १ मिलिमीटर अंतरात थांबले, तर सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या हजारपट होते. त्याच २० ग्रॅमच्या चापावर आता सुमारे २०० न्यूटन बल! शस्त्र योग्य दिशेने आपटले, तर चाप स्वतःच्या जडत्वानेच मागे ओढला जाऊ शकतो. तेच शस्त्र जाड गादीवर पडून १० सेंटिमीटरमध्ये थांबले, तर बल उरते २ न्यूटन. उंची तीच, थांबण्याचे अंतर वेगळे.

ही केवळ फळ्यावरची कल्पना नाही. २०१७ साली सिग सावर कंपनीचे पी-३२० हे पिस्तूल विशिष्ट कोनात पडल्यास उडते, असे चाचण्यांत दिसून आले. कंपनीने त्याच वर्षी सुधारणा जाहीर केल्या. त्यांत चाप हलका करणे ही एक होती.

पिनेचा मार्गही तपासू. ८ ग्रॅमची मोकळी पिन शस्त्राबरोबर १ मीटर खाली आली, तर तिची ऊर्जा mgh या सूत्राने सुमारे ०.०८ ज्यूल. वस्तुमान दुप्पट केले तर ऊर्जाही दुप्पट. ४ किलोची रायफल तेवढ्याच उंचीवरून पडते तेव्हा एकूण ऊर्जा सुमारे ४० ज्यूल असते, पण तिच्यातला फारच थोडा भाग पिनेकडे असतो. अमेरिकेच्या एम-१६ रायफलीत बोल्ट जोरात बंद होताना मोकळी पिन जडत्वाने पुढे जाऊन टिकलीवर आदळे; १९६०च्या दशकात ती पिन हलकी करण्यात आली. जुन्या रिव्हॉल्व्हरांत घोडा सरळ टिकलीवरच टेकलेला असे. त्यामुळे सहा घरांपैकी घोड्यासमोरचे घर रिकामे ठेवण्याची रीत पडली. रुगर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या रिव्हॉल्व्हरांत घोडा आणि पिन यांच्यामध्ये एक पट्टी आणली. चाप ओढल्यावरच ती वर येते आणि घोड्याचा फटका पिनेपर्यंत नेते. दुसऱ्या महायुद्धातील स्टेन गनची तऱ्हा आणखी वेगळी. भरलेली स्टेन दस्त्यावर आपटली, तर तिचा जड बोल्टच मागे जाऊन परत पुढे येई, काडतूस ओढून घेई आणि ते उडवी.

म्हणून जुहूच्या बातमीने विचारायला हवे होते: रिव्हॉल्व्हर कोणत्या रचनेचे होते? घोडा चढवलेला होता का? ते किती उंचीवरून, कोणत्या बाजूवर, कशावर पडले? घोड्यासमोरच्या घरात काडतूस होते का? हे प्रश्न किरकोळ नाहीत. ठाण्यात रायफल पडून एखादा सहकारी जखमी झाला, तर 'आपोआप' या शब्दाने चौकशी संपते आणि झिजलेला खटका तसाच राहतो. 'चाप ओढल्याशिवाय शक्यच नाही' या वाक्याने एखादा निरपराध जवान दोषी ठरू शकतो. भौतिकशास्त्र यापैकी कोणाचीच बाजू घेत नाही. ते मोजमाप मागते.

वर्गात यासाठी उंदराचा चापाचा सापळा पुरेसा आहे. शिक्षकांनी तो स्वतः हाताळावा, मुलांना दूर बसवावे. सापळा टेबलावर लावून टेबल थोपटा. मग तो जाड उशीवर आणि शेवटी फरशीवर, सारख्याच उंचीवरून, वेगवेगळ्या बाजूंनी पडू द्या. कोणत्या वेळी सुटला, याची नोंद मुलांना करू द्या. शेवटी त्यांना विचारा: कशानेही सुटला तरी इजा होणार नाही, यासाठी काय करावे लागेल?

नाक्यावर मित्राला मी हेच उत्तर दिले. रायफलीच्या नळीत काडतूसच चढवलेले नसेल, तर खटका निसटो की पिन आदळो, गोळी सुटणार नाही. चहा संपवता संपवता मित्र म्हणाला, "म्हणजे गाडी किती हादरते यापेक्षा, निघताना नळी कोणी तपासली, हे आधी विचारायचे." मी मान डोलावली.