वयाचा पराभव की भुकेचा?

जॅक लंडन या अमेरिकन कथाकाराची ‘अ पीस ऑफ स्टेक’ ही कथा १९०९ साली प्रथम प्रसिद्ध झाली. मुष्टियुद्धासारख्या रक्तबंबाळ खेळाविषयी आमच्या वाचकांस प्रेम असण्याचे कारण नाही, आम्हांसही नाही. तथापि या कथेत ठोशांहून हिशेब अधिक आहे, आणि तो ज्यास कळला त्यास खेळाचे नियम न कळले तरी चालेल.

कथा घडते सिडनी शहरात. टॉम किंग हा चाळिशीचा मुष्टियोद्धा एके काळी पैसा उधळीत असे. आता खाटीकही त्यास उधार देत नाही. झुंजीच्या संध्याकाळी त्याच्या ताटात पाव आणि पिठाचे कालवण येते, व तेही पीठ शेजाऱ्यांकडून उसने आणलेले. मुलांना भूक विसरावी म्हणून लवकर निजविले आहे. जिंकल्यास तीस पौंड. हरल्यास काहीच नाही, कारण हरणाऱ्याच्या वाट्याची रक्कम त्याने आधीच उचलून खर्च केली आहे. दोन मैल पायपीट करीत तो झुंजीस जातो. ज्याला ‘खुराक’ या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे, त्याला मांसाच्या त्या न मिळालेल्या तुकड्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

समोर सँडेल हा न्यूझीलंडचा तरुण. तो शक्ती उधळतो, किंग ती कवडीकवडीने वाचवितो. मिठी पडताच तो आपला भार प्रतिस्पर्ध्यावर टाकून विसावतो. फेरी संपताना तो नेमका आपल्याच कोपऱ्याशी असतो, म्हणजे बैठकीपर्यंत चार पावले चालण्याचेही श्रम वाचावेत! बोटांची हाडे पूर्वीच मोडलेली, म्हणून ठोसाही मोजून द्यावयाचा. अनुभवी गृहस्थाने तुटपुंज्या प्राप्तीत महिना काढावा, तशी ही झुंज लंडनने लिहिली आहे. अखेर सँडेल कोसळतो, पुनः उठतो. आणि शेवटचा निर्णायक ठोसा मारावयाची वेळ येते तेव्हा किंगच्या देहात तेवढे बळ शिल्लक नसते.

ते का नव्हते? आमच्या मते कथेचा सारा कस या प्रश्नात आहे. वयामुळे म्हणावे, तर तो निसर्गक्रम झाला. कोणासही जाब विचारता येत नाही. भुकेमुळे म्हणावे, तर खाटकापासून प्रेक्षकांपर्यंत पुष्कळांची साक्ष काढावी लागेल. लंडन वारंवार तारुण्याच्या अटळ विजयाचे पालुपद आळवितो, आणि तेथे तो आम्हांस कंटाळवाणा वाटतो. दरवेळी तत्त्व सांगावयास उभे राहण्याची या लेखकाची खोड जुनीच. पण त्याची पिठाची वाटी त्याच्या तत्त्वज्ञानाहून अधिक खरे बोलते. एक मांसाचा तुकडा मिळता तर आपण जिंकलो असतो, ही किंगची खंत कथेत कोठेही खोटी ठरविलेली नाही.

शेवट मात्र लेखकाने थोडक्यात उरकला, हे त्याचे भाग्य. घरी वाट पाहणाऱ्या बायकोस तोंड दाखविण्याचे धैर्य नाही. दुखऱ्या हातांनी आठवडाभर मजुरीही जमणार नाही. किंग वाटेत एका बाकावर बसतो. फार वर्षांपूर्वी त्याने स्टाउशर बिल नावाच्या एका जुन्या मल्लास हरविले होते, व तो म्हातारा नंतर खोलीत रडला होता. तो का रडला, हे तेव्हा विजयी तरुण किंगला समजले नव्हते.