त्या रात्रीनंतरची दोन वर्षं

चर्चमध्ये उभं राहून आपलं आयुष्य कसं बदललं हे सांगण्याला मराठी ख्रिस्ती लोक ‘साक्ष देणं’ म्हणतात. व्यसनातून सुटलेल्या माणसाच्या साक्षीचा साचा बहुतेक वेळा ठरलेला असतो. आधी घसरण: दारू, उधारी, मारझोड, बायकोच्या अंगावरचं शेवटचं मणीमंगळसूत्र. मग एक रात्र. त्या रात्री येशू भेटतो आणि सकाळी माणूस नवा होऊन उठतो. हा साचा फक्त चर्चचा नाही. ‘माळ घातली आणि दारू सुटली’ ही गोष्ट आपल्या गावागावांत सांगितली जाते, आणि तिची लयही तीच आहे.

या गोष्टी खोट्या असतात असं मला म्हणायचं नाही. अडचण ऐकणाऱ्याची आहे. जो अजून पितोय, किंवा सोडून पुन्हा प्यायला लागलाय, त्याने त्यात कुठे बसायचं? त्याची ती रात्र आलीच नाही, किंवा आली आणि वाया गेली. आशा देणारी गोष्ट त्याला अजून एक लाज देऊन जाते.

म्हणून अॅन लमॉट या अमेरिकन लेखिकेचं ‘ट्रॅव्हलिंग मर्सीज’ (१९९९) हे पुस्तक मला महत्त्वाचं वाटतं. तेही साक्षच आहे, पण साचा मोडणारी.

आधी साचा नीट समजून घेऊ. त्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे ‘द क्रॉस अँड द स्विचब्लेड’ (१९६३). डेव्हिड विल्करसन हा पेनसिल्व्हेनियातल्या खेड्यातला तरुण पाळक. खुनाच्या खटल्यातल्या मुलांचं चित्र तो मासिकात पाहतो, १९५८ मध्ये न्यूयॉर्कला जातो आणि टोळ्यांमधल्या, हेरॉइनच्या तावडीतल्या पोरांमध्ये काम सुरू करतो. निकी क्रूझ हा टोळीचा म्होरक्या बदलतो तो प्रसंग आजही अंगावर येतो. पुस्तकात पुन्हा घसरलेली माणसंही आहेत. पण कथनाचा सगळा जोर बदलाच्या क्षणावर आहे. कॅमेरा त्या क्षणी थांबतो, टाळ्या पडतात.

लमॉट वेगळ्या जगातली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन हा श्रीमंत भाग. वडील लेखक, घरात देवाची थट्टा. ते मेंदूच्या कर्करोगाने गेले. मुलगी स्वतः लेखिका झाली, पुस्तकं छापून आली, आणि दारू-ड्रग्ज चालूच राहिले. रविवारी सकाळी हँगओव्हर घेऊन ती मरीन सिटीच्या जुन्या बाजारात खायला जायची. समोरच्या छोट्या चर्चमधून गाणी ऐकू यायची. ती दारात उभी राहून ऐकायची आणि प्रवचन सुरू व्हायच्या आत निघून जायची.

मग १९८४ मधली ती रात्र येते. नुकताच गर्भपात झालेला, रक्तस्राव थांबत नाही, पोटात दारू. अंधारात तिला वाटतं, कोपऱ्यात कोणीतरी उकिडवं बसलंय. येशूच. तिची पहिली प्रतिक्रिया काय? मित्रमैत्रिणी काय म्हणतील! ती भिंतीकडे तोंड करून पडून राहते. पुढचे काही दिवस एखादं भटकं मांजर पायात घोटाळावं तसं काहीतरी मागे येतंय असं तिला वाटत राहतं. आठवड्याभराने चर्चमध्ये जाते तेव्हा हँगओव्हर इतका असतो की गाण्यांना उभंही राहवत नाही. प्रवचन तिला हास्यास्पद वाटतं. पण शेवटच्या गाण्याला ती रडते, पळत घरी येते आणि दारातच, एक शिवी हासडून, त्या मांजराला आत घेते.

प्रसिद्ध प्रसंग हाच. बहुतेक लोक पुस्तकाची ओळख इथेच संपवतात. मला मात्र यानंतरची एक तारीख जास्त बोलकी वाटते: तिची दारू सुटली जुलै १९८६ मध्ये.

म्हणजे देव भेटल्यावरही ती सुमारे दोन वर्षं पीत होती. चर्चला जात होती आणि पीत होती. साच्यातल्या साक्षीत ही दोन वर्षं गाळली गेली असती, कारण त्यांनी चमत्काराची शोभा जाते. लमॉट ती झाकत नाही. श्रद्धा हे तिच्याकडे औषध म्हणून येत नाही. वाईट अवस्थेतही कोणीतरी आपल्यासोबत बसलंय, एवढंच ती देते. सुटका उशिरा येते. मधल्या काळात कोणी तिला दारातून हाकलत नाही.

आणि ‘कोणी’ म्हणजे कोण, हे पुस्तक नेमकं सांगतं. सेंट अँड्र्यू प्रेस्बिटेरियन हे छोटं, गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीयांचं चर्च. दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीसाठी आलेल्या कामगारांची ही वस्ती. युद्धानंतर वर्णभेदामुळे आसपासच्या गावांत घरं मिळेनात, म्हणून अनेक कुटुंबं इथेच राहिली. पुढे लमॉट लग्नाशिवाय गरोदर राहते तेव्हा हे लोक टाळ्या वाजवतात. तुटपुंज्या पेन्शनवर जगणारी म्हातारी माणसं हळूच तिच्या खिशात नोटा सारतात. एक बाई तर प्लास्टिकच्या छोट्या पिशव्यांत दहा-दहा सेंटची नाणी भरून आणते. कोपऱ्यातल्या येशूवर माझा विश्वास बसो न बसो, त्या नाण्यांच्या पिशव्यांवर बसतो.

इथे मला ‘एकच प्याला’ आठवतं. गडकऱ्यांनी पिणाऱ्यांची संगत किती बारकाईने पाहिली होती! तळीरामाचं आर्यमदिरा मंडळ म्हणजे नियम, बैठका, थट्टामस्करी असलेला भरभक्कम समाज. सुधाकर मध्ये एकदा दारू सोडायचं ठरवतो, पण जगाकडे परत गेल्यावर वाट्याला अपमान येतो. १९१९ मध्ये रंगमंचावर आलेल्या या नाटकात पिणाऱ्यांचं मंडळ आहे, सोडणाऱ्यांचं नाही. सिंधूचं प्रेम अथांग आहे, पण एका बायकोचं प्रेम म्हणजे मंडळ नव्हे.

सोडणाऱ्यांचं मंडळ १९३५ मध्ये अमेरिकेत अॅक्रन गावी जन्मलं. बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांनी ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतून कबुली, भरपाई, दुसऱ्याला मदत या गोष्टी उचलल्या आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभी केली. त्यांच्या बारा पायऱ्यांत देव आहे, पण ज्याला जसा कळेल तसा. म्हणूनच ही रीत चर्चबाहेर, आपल्याकडेही रुजली. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. लमॉट सोबर झाली तेच हे वर्ष. तिथे येणाऱ्याला धर्म विचारला जात नाही. पण त्या समूहातही कोणीतरी सोबत बसलेलं असतं.

पुस्तकात उणिवा आहेत. लमॉट विनोदाला ढालीसारखं वापरते. दुखतं तिथे नेमका एक चुटका येतो. बरेच लेख शेवटच्या परिच्छेदात छान उमजून संपतात, आणि एवढं उमजणं रोज होत नसतं. चर्चमधल्या कृष्णवर्णीय बायका अनेकदा तिला सावरण्यासाठीच पुस्तकात आल्यासारख्या वाटतात. त्यांची स्वतःची दुखणी, त्यांचा राग आपल्याला फारसा दिसत नाही. शिवाय दारू सोडतानाचं शरीराचं हाल होणं थोडक्यात उरकलंय. वर्षानुवर्षं पिणाऱ्याने एकाएकी, डॉक्टरांशिवाय दारू थांबवणं जिवावर बेतू शकतं. प्रार्थना त्या उपचाराची जागा घेत नाही, हे कुठल्याही साक्षीसोबत सांगायला हवं.

तरी हे पुस्तक कोणाला द्यावं हे मला माहीत आहे. ज्याला घरचे विचारतात, ‘एवढ्या शपथा घेतल्यास, काय झालं त्यांचं?’ त्याला. स्लिप झाली म्हणून जो पुढच्या मीटिंगला तोंड दाखवत नाही, त्याला. चर्च, दिंडी, मीटिंगची खोली, काहीही असो. चढलेल्या अवस्थेत आलास तरी शेवटच्या रांगेत बस, असं म्हणणारी एक जागा लागते. लमॉटला ती ख्रिस्ताच्या नावाने मिळाली. सुटका तिथे पोचायला दोन वर्षं लागली, तोवर तिची खुर्ची कोणी उचलली नाही.