‘कोसला’: वडिलांचे घर आणि ‘वगैरे’ची भाषा

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीची चर्चा प्रामुख्याने अस्तित्ववाद आणि सॅलिंजरचा प्रभाव या दोन अंगांनी होत आली. दोन्ही मांडण्यांत पांडुरंग सांगवीकरचे तुटलेपण जणू पुण्याच्या वसतिगृहात सुरू होते. वस्तुतः त्याचे मूळ गावाकडच्या खात्यापित्या शेतकरी घरात आहे.

या घरात उपासमार नाही. मुलाच्या मनाची दखल मात्र नाही. गावात वजन असलेल्या वडिलांशी पांडुरंगाचे जे नाते उरते, ते मुख्यतः पैशाचे. वडील पैसे पुरवतात, मुलगा ते उधळतो. ही उधळण बेजबाबदार आहेच. पण ज्याच्याशी बोलता येत नाही त्याला दिलेले ते उत्तरही आहे.

काफ्काने १९१९ साली वडिलांना उद्देशून दीर्घ पत्र लिहिले. ते त्यांच्यापर्यंत पोचले नाही. तरी आरोप ठेवण्यासाठी काफ्कासमोर ‘तुम्ही’ होते. पांडुरंगासमोर तेही नाही. त्याच्या निवेदनातील ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द शैलीची लकब म्हणून गाजले. परंतु पहिला शब्द स्वतःच्या दुःखाला अनेकांतला एक नमुना ठरवतो आणि दुसरा ते पुरते उच्चारले जाण्याआधीच तोडतो. भावना उघडी केली की ती क्षुल्लक ठरते, हे लहानपणीच शिकलेल्या मुलाची ही भाषा आहे. धाकट्या मनीच्या मृत्यूप्रसंगी हा बांध फुटतो. तेव्हा तिच्याबरोबर पुढच्या पिढ्यांची शक्यताही संपली, या विचाराशी तो येतो. घराची परंपरा खुंटणे हीच त्याला सुटका वाटावी, इतकी ही जखम खोल आहे.

‘भावनिक छळ’ ही आजची संज्ञा या संहितेवर सरसकट लादता येणार नाही. निवेदन सर्वस्वी मुलाचे आहे. वडिलांची बाजू त्याच्याच नजरेतून येते. शिवाय त्यांच्या वागण्यात दुष्ट हेतू दाखवता येत नाही. मात्र हेतू नसतानाही इजा होते आणि ती प्रौढपणातही टिकते, हेच ‘कोसला’ दाखवते. शिक्षण अर्धवट टाकून पांडुरंग अखेर त्याच घरी परततो. या परतण्याला केवळ आधुनिक माणसाची वेदना म्हणणारी समीक्षा त्या घराला चौकशीतून वगळते.