शोधाची चतुःसीमा

मराठीत विज्ञानाच्या वार्ता येत नाहीत, अशी तक्रार करण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली 'दिग्दर्शन' मासिक काढले, १९२८ साली पुण्याहून 'सृष्टिज्ञान' निघू लागले, तेव्हा नव्या ज्ञानाची दारे मराठी वाचकाला मोजकीच होती. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाल्यावर ती आणखी उघडली. आणि आज तर कृष्णविवर, जनुक, नवा विषाणू यांच्यावाचून वृत्तपत्राचा आठवडा सरत नाही. आमची तक्रार निराळी आहे. वार्ता येते, परंतु तिच्यासोबत जे यावयास हवे ते येत नाही.

ते काय, हे सांगण्यासाठी आमच्या व्यवसायातील एक गोष्ट पुढे करण्याची वाचकांनी परवानगी द्यावी. सीमाभागातील वकिलास एक काम वरचेवर करावे लागते. पक्षकार निपाणी किंवा खानापूरकडचा मराठी बोलणारा, हातातला कागद कन्नड, आणि वरच्या न्यायालयाचा निवाडा इंग्रजी. हे सारे त्याला त्याच्या भाषेत समजावून द्यावयाचे असते. या कामी भाषा सोपी करण्याची मोकळीक पुष्कळ आहे. खरेदीपत्रातील पाल्हाळ गाळले तरी चालते, कलमांची पुनरुक्ती टाळली तरी बिघडत नाही. चतुःसीमेला मात्र हात लावता येत नाही. पूर्वेस कोणाचे शेत, पश्चिमेस कोणता ओढा, दक्षिणेस कोणती गाडीवाट हे एकदा सुटले, की समजावणे कितीही रसाळ झाले तरी पक्षकाराला आपली जमीन कोठे संपते ते कळत नाही. विज्ञानातील शोधालाही अशीच चतुःसीमा असते. तो कोणावर पाहिला, किती जणांवर पाहिला, कशाशी ताडून पाहिला आणि तो कोणत्या ठिकाणी खोटा ठरू शकेल, या त्याच्या चार बाजू. आमच्या विज्ञानवार्तेत शेताचे वर्णन बहारीचे असते; चतुःसीमा तेवढी गाळलेली असते. तिच्या जागी 'शास्त्रज्ञ म्हणतात' हे दोन शब्द येतात, आणि ऐकीव पुरावा ग्राह्य धरण्याची सवय वाचकाला लागते.

२०११ च्या सप्टेंबरात एक वार्ता जगभर पसरली. जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे कण सुमारे ७३० किलोमीटर दूर इटलीतील डोंगराखालच्या यंत्रापर्यंत प्रकाशापेक्षा लवकर पोहोचले. लवकर म्हणजे एका सेकंदाच्या अब्जांश भागांपैकी सुमारे ६० भागांनी. आइन्स्टाइन खोटा ठरला, असे मथळे झळकले. वस्तुतः प्रयोग करणाऱ्यांनीच सांगितले होते की आम्हांला चूक सापडत नाही, इतरांनी ती शोधावी. म्हणजे त्यांनी आपली साक्ष स्वतःहून उलटतपासणीसाठी पुढे केली होती. पुढल्या वर्षी चूक सापडली: कालमापनाच्या जोडणीतील एक तंतुवाहिनी नीट बसलेली नव्हती. आमच्या मते ही विज्ञानाची नाचक्की मुळीच नव्हे. ती त्याची रीतच आहे. नाचक्की झाली असेल तर ती मथळ्यांची. ज्या वाचकाने पहिली वार्ता वाचली आणि दुसरी त्याच्या दृष्टीस पडली नाही, त्याच्या मनात आइन्स्टाइन अजून हरलेलाच आहे.

दूरचे उदाहरण कशाला? खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे नावाची गुहा आहे. तेथे गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईच्या नैसर्गिक इतिहास मंडळीच्या पाहणीत एक वटवाघूळ मिळाले आणि १९१३ साली ते शास्त्राला नवे म्हणून नोंदले गेले. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे जगात त्याचे हे एकच ठिकाण ठाऊक होते, आणि बेळगावकराला त्याचा अभिमान वाटणे साहजिक होते. २००१-०२ च्या सुमारास तेच वटवाघूळ कंबोडियात आणि आपल्याकडे मेघालयात आढळल्याचे प्रसिद्ध झाले. असे असताही 'जगात फक्त येथेच' हे वाक्य आमच्या कानी अधूनमधून पडते. त्या गुहेचे महत्त्व नव्या नोंदींनी रतिभरही कमी होत नाही. पण वार्ता एकदा अभिमानाचा विषय झाली, की तिच्यातील दुरुस्ती कोणी घरी आणीत नाही.

आता ज्या शोधाविषयी आम्हांस विशेष बोलावयाचे आहे तो बेळगाव जिल्ह्यातच, खेड्यापाड्यांत झाला. बाळंतपणानंतर होणारा अतिरक्तस्राव हे मातांच्या मृत्यूचे जगभर मोठे कारण आहे. त्यावर ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन उत्तम. परंतु ते थंड जागी ठेवावे लागते आणि टोचणारा प्रशिक्षित हात लागतो. मिसोप्रोस्टॉल ही गोळी स्वस्त, तोंडाने घेण्याजोगी, उन्हाळ्यात टिकणारी. खेड्यातील परिचारिकेने ती दिली तर उपयोग होईल काय, हा प्रश्न होता. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील बी. एस. कोडकणी, शिवप्रसाद गौडर आदी डॉक्टरांनी रिचर्ड डर्मन आदी अमेरिकन सहकाऱ्यांसह तो तपासला. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात १६२० स्त्रिया या प्रयोगात होत्या. कोणाला कोणती गोळी द्यावयाची हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दैवावर सोपवले होते. ८१२ जणींना औषध मिळाले आणि ८०८ जणींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. देणारीलाही ठाऊक नव्हते की आपल्या हातात कोणती आहे.

आणि मोजले कसे? येथे आम्हांस या प्रयोगाचे खरे कौतुक वाटते. रक्त किती गेले हे डोळ्यांनी अजमावले तर अंदाज बहुधा कमी पडतो. म्हणून बाळंतिणीच्या खाली घालण्याची प्लास्टिकची एक चादर तयार केली, तिला खाली निमुळती पिशवी, आणि पिशवीवर मापाच्या रेघा. दूधवाल्याचे माप जसे वादावादी संपवते, तसे या चादरीने 'फार गेले', 'थोडे गेले' ही भाषा संपवली. अर्धा लिटर किंवा अधिक रक्त गेलेल्यांचे प्रमाण निरौषधी गोळीच्या गटात शेकडा १२ होते, औषधाच्या गटात ६.४. एक लिटरवर गेलेल्या जणी पहिल्या गटात शेकडा १.२, दुसऱ्यात ०.२. दुसऱ्या शब्दांत, १८ जणींना गोळी दिली तर एकीचा अतिरक्तस्राव टळतो. औषधाने काही काळ थंडी वाजणे व ताप येणे वाढले, हेही निबंधात लिहिलेले आहे. २००६ च्या ऑक्टोबरात तो 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने, जेथे ऑक्सिटोसिन मिळत नाही किंवा सुरक्षितपणे देता येत नाही तेथे या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. २०२३ साली आफ्रिकेतील चार देशांत दोन लाखांहून अधिक प्रसूतींवर झालेल्या अभ्यासातही मापाची अशीच चादर अंथरून रक्तस्राव वेळीच ओळखणे ही पहिली पायरी होती.

हा शोध 'बेळगावच्या डॉक्टरांची क्रांतिकारक गोळी' एवढ्या मथळ्यात सांगता येईल, आणि त्यातील एकही शब्द धड खरा राहणार नाही. गोळी बेळगावची नव्हे, ती आधीच अस्तित्वात होती. क्रांतीही झाली नाही, शेकडा ६.४ जणींना औषध घेऊनही अर्धा लिटर रक्त गेलेच. खरे मोल आहे ते तुलनेत, चिठ्ठ्यांत आणि त्या चादरीत. ज्याला हे तिन्ही सांगता येत नाही त्याने शोध सांगितलाच नाही, केवळ त्याचे अभिनंदन केले. आमच्याकडे विज्ञानलेखनात अभिनंदनाचा भाग फार वाढला आहे, हे येथे ओघाने आले म्हणून सांगून टाकतो.

चिठ्ठ्या टाकून औषध तपासण्याची रीत रूढ होण्यात ब्रॅडफर्ड हिल या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे; क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची १९४८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी त्यांच्याच आखणीची. याच हिल यांनी १९५० साली रिचर्ड डॉल यांच्यासह दुसरा एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याचा संबंध बेळगावपेक्षा निपाणीशी अधिक आहे. फुप्फुसाचा कर्करोग झालेले ६४९ पुरुष त्यांनी पाहिले. त्यांत तंबाखू न ओढणारे अवघे २ निघाले. दुसरे आजार असलेल्या तितक्याच पुरुषांत न ओढणारे २७ होते.

ज्या गावाची चूल तंबाखूवर पेटते, जेथल्या शेतकऱ्यांनी १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी मोठे आंदोलन केले, जेथे हजारो स्त्रियांची बोटे विडी वळून झिजली, त्या गावाला ही वार्ता कशी सांगावी? विज्ञानलेखकाची परीक्षा कृष्णविवरापाशी होत नाही. कृष्णविवराने कोणाचे शेत जात नाही. परीक्षा निपाणीत होते. तेथे 'तंबाखू जीवघेणी' असे मोठ्या अक्षरांत सांगितले, तर समोरून ठरलेला जबाब येतो: आमच्या आजोबांनी जन्मभर विडी ओढली आणि नव्वदी पाहिली. हा जबाब खोटा नसतो. एका साक्षीदाराची ती खरी साक्ष असते. पण तिने सिद्ध होते ते एका आजोबांपुरते. २००८ साली प्रभात झा व सहकाऱ्यांनी भारतातील सुमारे ११ लक्ष घरांच्या पाहणीतून जो निष्कर्ष काढला तो असा, की विडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरीने सुमारे ६ वर्षांनी घटते, विडी ओढणाऱ्या स्त्रीचे सुमारे ८ वर्षांनी, आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचे सुमारे १० वर्षांनी. 'सरासरी' या शब्दात आजोबांना जागा आहे, आणि ऐन पन्नाशीत गेलेल्या त्यांच्या शेजाऱ्यालाही आहे. हे समजावून न सांगता आकडा फेकला, तर आजोबा जिंकतात. शिवाय या निष्कर्षाची दुसरी सीमाही सांगितली पाहिजे: तो विडी ओढणाऱ्यांविषयी आहे, वळणारीच्या छातीचे काय, शेतकऱ्याने तंबाखू सोडून काय पेरावे, यांविषयी तो बोलत नाही. ते प्रश्न निराळे, त्यांचा पुरावा निराळा. निपाणीकर रागावतो तो बहुधा शोधावर नव्हे. शोधाच्या नावाखाली त्याच्या पोटावर जो जादा हुकूम बजावला जातो, त्यावर.

चतुःसीमेसह लिहिणारा मराठीत कोणी झालाच नाही काय? झाला. कोल्हापुरात जन्मलेले आणि २०२५ च्या मे महिन्यात दिवंगत झालेले जयंत नारळीकर यांचे नाव त्यांच्या विज्ञानकथांसाठी सर्वतोमुखी आहे. आम्हांस त्यांची २००८ ची फलज्योतिषाची चाचणी अधिक मोलाची वाटते. नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे व सुधाकर कुंटे यांच्यासह त्यांनी १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या व त्या ज्योतिष्यांपुढे ठेवल्या. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० कुंडल्या तपासून उत्तरे पाठविली. बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ४६ भरले. नाणे उडवून ५० मिळतात. नारळीकर ही हकीकत सांगत तेव्हा त्यात ज्योतिष्यांची टवाळी नसे. कुंडल्या कोठून आणल्या, कशा मिसळल्या, किती जणांनी उत्तर दिले, हे असे. टवाळी करणे सोपे होते आणि टाळ्याही तिलाच पडल्या असत्या. त्या चाचणीतील एक सहकारी, दाभोलकर, यांचा २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात खून झाला. पुराव्याने बोलणे हा केवळ शैलीचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही तारीख ध्यानी ठेवावी.

जाता जाता एक गंमत. १९७४ साली विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा धाडली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. परीक्षकांना लेखक ठाऊक नसावा हा हेतू. बेळगावच्या परिचारिकेला हातातली गोळी ठाऊक नव्हती, त्यातलाच हा प्रकार. बक्षीस मिळाले ते कथेला.

राहिला भाषेचा मुद्दा, आणि मराठी-कोंकणी अशा या मासिकात तो टाळता येत नाही. आमच्याकडे पारिभाषिक शब्दांवर वाद पुष्कळ होतो. 'कृष्णविवर' हा शब्द रुळला कारण तो डोळ्यांपुढे काही उभे करतो. उलट 'यादृच्छिक नियंत्रित चाचणी' हे तीन शब्द अचूक असूनही निपाणीच्या बाजारात कोणाला काही सांगत नाहीत. सीमाभागातील मुलगा शाळेत कन्नड शिकतो, घरी मराठी बोलतो, आजोळी कित्येकदा कोंकणी ऐकतो. त्याच्यासाठी तिन्हींतून संस्कृत शब्द गोळा केल्याने प्रश्न सुटत नाही. शिवराम कारंतांनी कन्नडात 'विज्ञान प्रपंच'चे खंड लिहून सामान्य वाचकाशी बोलण्याचा एक मोठा यत्न केला आहे. आमच्या मराठी लेखकांनी सीमेपलीकडचे म्हणून तो न पाहणे हा करंटेपणा होय.

बेळगाव जिल्ह्यातील त्या १६२० बाळंतपणांत जन्मलेल्या मुली आज विशी ओलांडत आहेत. 'माझ्या आईला औषधाची गोळी दिली की नुसती?' असे त्यांच्यापैकी एखादीने विचारले, तर उत्तर तिच्या बोलीत देता येते: कोणती गोळी मोलाची हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, आणि चादरीवर रेघा होत्या.