'जाता येणे' आणि 'जाऊ शकणे' : गतिवाचक क्रियापदे व शक्यार्थ

इंग्रजीतील 'कॅन', 'मे', 'मस्ट', 'विल' ही साहाय्यक क्रियापदे 'गो' आणि 'कम' या नित्याच्या गतिवाचक क्रियापदांबरोबर कशी वापरली जातात, याचा विचार महाराष्ट्रात बहुधा भाषांतराच्या सोयीपुरताच झाला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि 'कॅन' म्हणजे 'शकणे' हे समीकरण वर्गावर्गांतून रूढ झाले. इंग्रजी शिकण्यास ते उपयोगी पडले असेल. मराठी समजण्यास मात्र त्याने अडथळाच झाला, असे म्हणणे भाग आहे.

पुणे-सातारा महामार्गालगतच्या, भोर तालुक्यातील कामथडी या गावच्या एखाद्या वृद्ध गृहस्थाची कल्पना करावी. ओढ्याला पूर आला तर तो म्हणेल, "नसरापूरला जाता येत नाही." गुडघे दुखू लागले तर, "कापूरहोळपर्यंत चालवत नाही." भावाभावांत वाटणी होऊन जुना वाडा दुसऱ्याकडे गेला असेल, तर दार उघडे असूनही आणि पाय धड असूनही तो म्हणेल, "त्या वाड्यात आता जाववत नाही." पहिल्या वाक्यात अडचण बाहेरची आहे, दुसऱ्यात शरीराची, तिसऱ्यात मनाची. भाषांतर करणारा विद्यार्थी तिन्ही ठिकाणी 'कॅनॉट' लिहून मोकळा होतो, आणि तेच वाक्य उलट मराठीत आणताना तिन्ही ठिकाणी 'जाऊ शकत नाही' असे लिहितो. या येरझारीत वृद्धाचे दुःख कोठे हरवले, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

'शकणे' हा परका धातू नव्हे. तो संस्कृत 'शक्' पासून आलेला, मराठीत जुना आणि प्रतिष्ठित आहे. मात्र त्याचा कर्ता प्रथमेत राहतो. 'तो जाऊ शकतो' या वाक्यात सामर्थ्य माणसाच्या ठायी आहे. 'त्याला जाता येते' या वाक्यात माणूस चतुर्थीत जातो आणि जाण्याची क्रियाच जणू त्याच्याकडे येते. 'जाववत नाही' येथेही तोच प्रकार आहे. ('मी चालवत नाही' आणि 'मला चालवत नाही' या दोहोंत रूप एकच असता केवळ विभक्तीने अर्थ पालटतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.)

हा भेद नजरेआड होण्यास व्याकरणकारही काही अंशी जबाबदार आहेत. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 मध्ये निघाले आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 मध्ये. या परंपरेतून शालेय पुस्तकांत जी मांडणी उतरली, तीत 'जावे' हे विध्यर्थाच्या प्रकरणात येते, 'जाता येते' हे संयुक्त क्रियापदांत, 'जाववते' हे शक्य क्रियापदांत किंवा प्रयोगविचारात. रूपाच्या दृष्टीने ही विभागणी निर्दोष आहे. परंतु अर्थाने सख्खी असलेली ही भावंडे तीन प्रकरणांत विखुरली, आणि विद्यार्थ्यास ती एकत्र कधी दिसलीच नाहीत. मग इंग्रजीचे एकच 'कॅन' समोर आले तेव्हा त्याला एकच प्रतिशब्द सुचला, यात नवल ते काय?

इंग्रजीही या बाबतीत दरिद्री नाही. काल एखाद्याला प्रत्यक्ष पुण्यास जाता आले, तर त्या एका घटनेसाठी होकारार्थी 'कुड गो' चालत नाही. 'वॉज एबल टु गो' असेच म्हणावे लागते. 'कुड' हे एरवीच्या, सदैव असलेल्या क्षमतेचे. मराठीत हाच भेद 'जाता आले' आणि 'जाता येत असे' यांत आहे. तो ज्याने मराठीत ओळखला त्याची इंग्रजीतील चूकही टळेल. 'मस्ट'चेही तसेच. त्याला स्वतःचे भूतकाळी रूप नाही, म्हणून 'हॅड टु गो' वापरतात. 'जावे लागले' म्हटले की माणूस गेला. 'जायला हवे होते' म्हटले की बहुधा तो गेला नाही.

परवानगीच्या बाबतीत तर हानी उघड दिसते. 'आत येऊ का?' हा मराठीचा सहज प्रश्न. त्याच्या जागी 'मी आत येऊ शकतो का?' असे वाक्य शाळांतून ऐकू येते. दार ओलांडण्याचे बळ अंगी आहे की नाही, हे गुरुजींना कसे ठाऊक असावे?

दोन्ही भाषांतील खरा विरोध मात्र अन्यत्र आहे. पूर्वीच्या इंग्रजीत साहाय्यक क्रियापदापुढे गतिवाचक क्रियापद गाळता येत असे. 'आय मस्ट अवे' एवढ्याने 'मला गेलेच पाहिजे' हा अर्थ निघे. जर्मन भाषेत ही रीत आजही चालू आहे. तेथे साहाय्यक क्रियापद गतीला गिळून टाकते. मराठीत याच्या उलट घडले. येथे गतिवाचक धातूच साहाय्यक झाला. 'उद्या मला येता येणार नाही' या वाक्यात 'ये' दोनदा आला आहे. पहिला पाय उचलतो, दुसऱ्यात गतीचा मागमूस नाही. 'जाता येईल' यात जाणे आणि येणे शेजारी बसले असूनही कोणास विसंगती वाटत नाही, ती याच कारणाने.

या धातूचा आणखी एक अवशेष रोजच्या बोलण्यात आहे. 'जाऊ नये' यातील 'नये' म्हणजे मुळात 'न ये'. 'करता येत नाही' या अर्थापासून 'करणे योग्य नाही' या अर्थापर्यंत तो येऊन पोचला. अशक्यतेचे निषेधात झालेले हे रूपांतर विध्यर्थाच्या प्रकरणात शोधावे की संयुक्त क्रियापदांच्या, याचे उत्तर वर सांगितलेल्या मांडणीत मिळत नाही.