फेर आणि रांग

दोन वर्षांपूर्वी कुरुंद्याहून जवळच्याच एका गावी शाळेच्या स्नेहसंमेलनाला जाण्याचा योग आला. कार्यक्रमपत्रिकेत 'हादगा' असे छापलेले होते आणि महिना पौषाचा होता. हस्त नक्षत्र सरून महिने उलटले असताना हादगा पाहायला मिळणार म्हणून जरा गंमत वाटली. पडदा उघडला. सोळा मुली, एकाच रंगाची लुगडी, एकाच मापाचे गजरे. हत्ती मध्ये पाटावर नव्हता. तो मागच्या पडद्यावर रंगवलेला होता. गाणे ध्वनिमुद्रित होते, मुली नुसते ओठ हलवीत होत्या. आणि मुख्य गोष्ट म्हणजे त्यांनी फेर धरलाच नाही. आधी अर्धचंद्राकार उभ्या राहिल्या, मग एका रांगेत पुढे आल्या. कारण फेर धरला की निम्म्या मुलींची पाठ परीक्षकांकडे होते.

माझ्या पुढच्या रांगेत एक आजी बसल्या होत्या. गाणे ओळखीचे निघताच त्या टाळी वाजवू लागल्या, आणि दुसऱ्या कडव्याला उठून उभ्याच राहिल्या. लगेच एक कार्यकर्ता धावत आला. "आजी, खाली बसा, मागच्यांना दिसत नाही." आजी ओशाळून बसल्या. कार्यक्रमाला पहिले बक्षीस मिळाले. ते मिळायलाच हवे होते, मुलींनी मेहनत घेतली होती. परंतु त्या संध्याकाळी ज्या एकट्या बाईने खरा हादगा खेळायला सुरुवात केली होती, तिला आपण सर्वांनी मिळून खाली बसवले, हे काही मनातून जाईना.

लोकनृत्यावर आपल्याकडे जी टीका होते ती बहुधा दोन प्रकारची असते. एक पक्ष म्हणतो, हे अस्सल नाही. पूर्वी असे नव्हते. दुसरा म्हणतो, रंगमंचावर आले म्हणून तर टिकले. दोघेही पाहणाऱ्याच्या खुर्चीवरून बोलतात. नाचात उतरलेल्या माणसाला काय मिळते, हे कोणीच विचारीत नाही.

कुरुंदा हे गाव मराठी वाचकाला ठाऊक आहे ते नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे. नाट्यशास्त्र हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. त्या ग्रंथात ऋषी भरताला विचारतात की, नृत्ताला काही अर्थ नाही, मग ते कशासाठी? उत्तर मोठे साधे आहे. ते शोभा आणते, लोकांना स्वभावतःच आवडते, आणि विवाह, अपत्यजन्म अशा मंगलप्रसंगी ते आनंदाचे साधन आहे. पुढे त्याच ग्रंथात नाट्याची पारख करणारे प्राश्निक येतात, त्यांचे गुण सांगितले जातात. नाट्याला प्राश्निक हवेतच. पण लग्नघरी नाचणाऱ्या मामीला प्राश्निक कशाला हवा? हा भेद विसरून आपण मामीला गुण देऊ लागलो आहोत, असे मला वाटते.

हादग्याची रचनाच पाहा. पहिल्या दिवशी एक गाणे व एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असे वाढत वाढत सोळा दिवस. म्हणजे हा खेळ एकदा पाहून संपत नाही. त्यात रोज यावे लागते. गाण्यांत सासूची फिरकी, माहेरची ओढ आणि निव्वळ वेडगळपणा यांची मिसळ. चुकले तर हशा पिकतो आणि ती चूक पुढच्या वर्षी गाण्यातच राहते. शेवटी झाकलेला डबा वाजवून खिरापत ओळखायची. त्यात लहानातली लहान पोरही मोठीला हरवू शकते. हिंगोलीच्या पलीकडे वऱ्हाड लागतो, तिथे भुलाबाई बसते. नाव बदलते, पण गाणी आणि खिरापत राहते. हादग्याच्या फेराला पुढची बाजू नाही, म्हणून त्यात पहिली आणि शेवटची मुलगी नाही. रांग केली की दोन्ही जन्माला येतात.

हाच वाद दूर इंग्लंडात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. सेसिल शार्प या संगीतशिक्षकाने 26 डिसेंबर 1899 रोजी ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वारी इथे पायांत घुंगरू बांधून नाचणारी माणसे पाहिली. तो मॉरिस नाच. त्याचा खरा हंगाम वसंत संपताना येणाऱ्या व्हिटसन सणाचा. पण ही माणसे गवंडीकाम करणारी, हिवाळ्यात काम बंद, म्हणून चार पैसे मिळावेत यासाठी ती अवेळी निघाली होती. त्याबद्दल त्यांनी शार्पकडे दिलगिरीही व्यक्त केली. तेव्हा पौषातल्या हादग्याला मी दोष देत नाही. हंगाम मोडला म्हणून नाच मरत नाही.

पुढे 1905 साली मेरी नील नावाची एक बाई शार्पकडे आली. लंडनमधल्या शिवणकाम करणाऱ्या गरीब मुलींसाठी ती एक मंडळ चालवीत होती. शार्पने तिला हेडिंग्टनच्या विल्यम किंबरचे नाव सांगितले. किंबर येऊन मुलींना नाच शिकवून गेला, आणि त्या मुली गावोगाव जाऊन इतरांना शिकवू लागल्या. मग दोघांचे बिनसले. शार्पला पाऊल अचूक हवे होते, शिकवणारा तयारीचा हवा होता. नीलबाईंना नाचणाऱ्याचा आनंद हवा होता. 1911 मध्ये शार्पने संस्था स्थापन केली आणि दीर्घकाळ त्याचाच शब्द प्रमाण ठरला. शार्पचे ऋण मोठे आहे. त्याने टिपून ठेवले नसते तर पुष्कळ चाली नष्ट झाल्या असत्या. पण मॉरिस हा मुख्यतः पुरुषांचा नाच. तो शिंपीकाम करणाऱ्या पोरींच्या पायांत गेला आणि जगला, हे श्रेय नीलबाईंचे. तिने परंपरा मोडली आणि परंपरा चालवली, दोन्ही एकाच वेळी.

हे सांगायचे कारण आपल्या फेराचेही दार कधी सताड उघडे नव्हते. वाड्याच्या अंगणातल्या हादग्यात गावकुसाबाहेरच्या मुलीला जागा नव्हती. पोळ्याच्या तोरणाखाली कोणाचे बैल पुढे, यावरून भांडणे झाली आहेत. तांड्यावरच्या बंजारा मुली श्रावणात टोपलीत गहू पेरून तीज करतात, रोज पाणी घालतात, गात फेर धरतात. ते गाणे कित्येक गावकऱ्यांनी प्रथम ऐकले ते रंगमंचावरच. म्हणून 'जुने ते सारे सोन्याचे' हे मला मान्य नाही. शाळेने निदान सोळा घरांच्या मुली जात न विचारता एकत्र आणल्या. वाड्याला जे जमले नाही ते शाळेला जमले. खेद एवढाच की, दार उघडल्यावर आत घ्यायचे सोडून शाळेने त्यांना रांगेत उभे केले.

तेव्हा माझी कसोटी एकच. काठावर उभ्या असलेल्या माणसाला या नाचात शिरता येते की नाही? येत असेल तर वेश चुको, पाऊल चुको, महिना चुको, तो नाच जिवंत आहे. येत नसेल तर तो उत्तम कार्यक्रम असू शकतो. त्याला कार्यक्रम म्हणावे आणि बक्षीसही द्यावे. पण बक्षीस समारंभ आटोपल्यावर खुर्च्या बाजूला सारून, पाट मध्ये मांडून, सर्वांनी एक फेर धरायला काय हरकत आहे?

आमच्या जिल्ह्यात औंढ्याला नागनाथाचे देऊळ आहे. नामदेव समोर कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा त्यांना मागे जा म्हणून सांगितले. ते मुकाट्याने मागे गेले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, अशी आख्यायिका आहे. तिथला नंदी देवळाच्या मागे आहे, तो दाखवून लोक आजही ती सांगतात. पुढची बाजू कोणती, याचा निकाल तिथे गाणाऱ्याच्या बाजूने लागला. त्या आजी पुन्हा कुठे उठून उभ्या राहिल्या, तर निदान आपण खुर्च्या तरी फिरवाव्यात.