सगळेच वाढपी
लग्नघरात पंगतीला उशीर झाला, की वाढायला सगळेच उठतात. मग मठ्ठ्याची बादली ज्याच्या हातात, त्याला ओगराळं सापडत नाही, ओगराळंवाला "मठ्ठा कुठाय?" करीत मांडवभर हिंडतो, आणि व्याह्यांच्या पानात तिघंजण तीनदा जिलबी टाकून जातात.

फ्रेड ब्रूक्स ह्या गृहस्थांनी आपलं लग्नघर पाहिलं नसावं. त्यांनी पाहिली आयबीएमची रखडलेली 'ओएस/३६०'. त्यावरून १९७५ साली त्यांनी 'द मिथिकल मॅन-मंथ' लिहिलं. रखडलेल्या सॉफ्टवेअरवर आणखी माणसं घातली, की ते आणखीच रखडतं, हा त्यातला सिद्धान्त. नव्यांना शिकवायला जुन्यांनाच हातातलं काम टाकावं लागतं. शिवाय तिघांत बोलणाऱ्यांच्या जोड्या ३, दहांत ४५ आणि विसांत १९०! (आमच्या सोसायटीच्या सभेला वीसच जण असतात. पटलं.)

माझी मुलगी ह्याच धंद्यात आहे. मध्यंतरी तिचं काम तीन आठवडे मागे पडलं, तर साहेबांनी सहा नवी मुलं दिली. "बाबा, दिवसा शिकवणी घेते आणि रात्री काम करते," म्हणायची. डोळे सुजलेले, जेवणात लक्ष नाही. पुस्तक तिनंच माझ्याकडे टाकलं. साहेबांच्या टेबलावरही तेच आहे म्हणे!

पण 'सर्जिकल टीम'चं प्रकरण काही मला पचलं नाही. कल्पना मूळ हार्लन मिल्सची. मुख्य डोकं एकाचं, म्हणजे सर्जनचं. बाकी नऊजण त्याच्या दिमतीला, त्यांत दोन तर सेक्रेटरी! अहो, आमचे आजोबा पूजेला बसत तेव्हा घरात दुसरं काय चाले? एकजण सोवळ्यात, उरलेले फुलं, पळी नि उदबत्ती पुरवणार. आजोबा गेले तेव्हा संकल्प कुणालाच सांगता येईना. माणसं मोजून काम होत नाही हे इतकं झकास सांगणारा लेखक एकाच शहाण्यावर एवढा भाळावा, ह्याचं नवल वाटतं.

तरी माणूस मोठा खरा. प्रत्येकानं सगळ्यांचं काम पाहावं, असं १९७५ साली त्यांचं मत होतं. डेव्हिड पार्नास म्हणत होते, प्रत्येक भागाचं आतलं गुपित आतच राहू द्या. १९९५ च्या आवृत्तीत ब्रूक्सनी सरळ लिहून टाकलं, की पार्नास बरोबर होते, मी चुकलो. वीस वर्षं लागली, पण लिहिलं.

मुलीच्या साहेबांना साहेब होऊन अकरा झाली आहेत. म्हणजे अजून नऊ.